दुसऱ्या रात्रीची बिरुदावली

चौदा वर्षं तुम्ही एका माणसाच्या मागे धूळ खात फिरलात, त्याचे बूट शिवलेत, त्याच्या गिटारचे पट्टे शिवलेत, त्याची गाणी त्याच्या तोंडातून निघायच्या आधी म्हटलीत, आणि पंधराव्या वर्षी त्याने भर गर्दीत नाव घेतलं ते काल आलेल्या एका पोरीचं. तुम्ही काय कराल? टाळ्या वाजवाल? खोटं बोलू नका.

मोसेत्सानाखापेनेही टाळ्या वाजवल्या होत्या. हातात चामड्याचे मोजे होते म्हणून आवाज झाला नाही, एवढंच.

नाव एवढं लांब, कारण ती घरातली चौथी मुलगी. 'पुन्हा पोरगीच', असा त्या नावाचा सरळ अर्थ. लोकांनी त्यातलं शेपूट तेवढं ठेवलं, खापे. म्हणजे 'पुन्हा'. तिच्यानंतर मुलगा झाला, ओलेफिले, आणि तिच्या बापाचं समाधान झालं. देवक पुढे न्यायला एक पोरगा पुरतो. चार बहिणी ते देवक नुसतं अंगावर वागवणार, पुढे कुणाला देणार नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

देवक नोको. साळिंदर. बोट्सवानातल्या आमच्या या खान्झी गावात मगरवाले पुष्कळ, हत्तीवाले आहेत, माकडवाले तर ढिगाने आहेत. साळिंदरवाल्यांचं एकच घर. बाजारात कुणी 'दुमेला, नोको' म्हणून नमस्काराची हाक मारली तर ती खापेला किंवा तिच्या भावालाच. तिसरं माणूस वळून बघायचं नाही.

खापे शेहेचाळीस वर्षांची. गुरांच्या दवाखान्यासमोर काटेरी झाडाखाली तिची टपरी. घोड्यांची खोगिरं, लगाम, गुराख्यांचे बूट, सगळं तिथे शिवलं जातं. आणि रॉकवाल्यांची जाकिटं. काळं चामडं, त्यावर पत्र्याचे खिळे, साखळ्या, शिंगं, खांद्यावरून गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या झालरी. गावात चाळीसेक रॉकवाले असतील. त्यातल्या तीसजणांच्या पाठीवर खापेचे टाके. टाका मोजून सांगते ती, हा माझा आणि हा माझा नाही.

आणि बँड एकच. डिखोमो. नावाचा अर्थ 'गुरं', आणि वाजवतातही तसंच, कुंपण तोडून पाचशे गुरं गावात घुसावीत तसं. गाणारा तिदिमालो. या नावाचा अर्थ शांतता. त्याच्या आईला हे आजही कुणी विचारू नये.

डिखोमोचा नेम असा की वर्षातून एकदा, थंडीत, सलग दोन रात्री. शुक्रवारी खान्झी, शनिवारी माऊन. मधे तीनशे किलोमीटरला थोडा कमी असा सरळ रस्ता, गाढवं आणि शहामृगं. पहिल्या रात्री नुसती गाणी. दुसऱ्या रात्री शेवटच्या गाण्याआधी सगळी वाद्यं थांबतात, तिदिमालो टोपी काढतो आणि गर्दीतल्या एकाची बिरुदावली म्हणतो. त्याच्या देवकाची, आपल्या वाडवडिलांच्या चालीवर, लग्नात आणि मयताला म्हणतात तशी. ज्याने दोन्ही रात्री पाहिल्या, मधला रस्ता तुडवला, त्यालाच हा मान. दर वर्षी एक.

खापे चौदा वर्षं दोन्ही रात्री. आधी कपाशीसारखी दाबून ट्रकमधून गेली, एकदा गुरांच्या गाडीतून गेली, एकदा पाय मोडलेला असताना गेली. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात तिची जागा, ती कुणी घेत नाही. पाच वर्षांपूर्वी तिने स्वतः तिदिमालोला गाठलं होतं. म्हणाली, ''माझं पण कधी म्हण की.''

तो म्हणाला, ''खापे, म्हटलं असतं गं. पण नोकोची बिरुदावली कुणाला येते इथे? माकडाची सांग, झोपेत म्हणतो.''

मग ती म्हाताऱ्या चुलत्याकडे गेली. तीन रात्री त्याच्या शेकोटीशी बसून एकेक ओळ वदवून घेतली, वहीच्या कागदावर उतरवली. शाळा पाचवीपर्यंतच, पण अक्षर ठसठशीत. कागद तिने तिदिमालोच्या हातात दिला. त्याने घडी घालून टोपीच्या पट्ट्यात खोचला. ''आता सोय झाली,'' म्हणाला.

सोय झाली आणि पाच वर्षं गेली. एकदा बोट्सवानाच्या पार दुसऱ्या टोकाहून आलेल्या नर्सचं झालं. एकदा चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याचं. एकदा एका पोलिसाचं, आणि खापेने त्या पोलिसाच्या बुटाला वर्षभर हात लावला नाही. विचारलं की तिदिमालो हसायचा. ''तू तर घरचीच. घरच्यांना कुणी पाहुणा म्हणतं का?''

घरची. भांडं पण घरचंच असतं.

या वर्षी शुक्रवारी खान्झीच्या मैदानात तिसरं गाणं चालू होतं. तिदिमालोने गिटार मानेवरून फिरवली, आणि पट्टा तुटला. कड्यापाशी, जिथे दुहेरी टाका असतो तिथेच. गिटार कशीबशी गुडघ्यावर झेलली त्याने. पट्टा कुणाचा? खापेचा. मागच्याच महिन्यात, बैलाच्या कातड्याचा, आत नाव कोरलेला. गर्दी हसली. सगळी नाही, पण जेवढी हसली तेवढी तिला पुरली.

पिशवीत चामड्याला भोकं पाडायचा टोच होता, मेणाचा दोरा होता. गुडघ्यावर पिशवी उघडून ती हात घालतेय तोवर तिच्या डोक्यावरून काहीतरी उडत गेलं. कंबरेचा पट्टा. जाडजूड, त्यावर कुत्र्याची साखळी. तिदिमालोने हवेतच पकडला, दोन गाठी मारल्या, गिटार गळ्यात घातली आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच उचललं. मैदान वेडं झालं.

पट्टा फेकणारी पोरगी खापेच्या मागेच उभी होती. विशीतली, लाल बूट, एका हाताने पँट धरलेली. ती वर बघत होती, आणि तिदिमालो तिच्याकडे बघत होता. शेवटचं गाणं होईपर्यंत तो सात वेळा त्या बाजूला आला. खापेने मोजलं. चौदा वर्षांत तिच्या कोपऱ्यात तो एका रात्री चारपेक्षा जास्त वेळा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅमरच्या पिकअपमध्ये माऊनला निघायचं होतं. हॅमर हा पंचायतीत पाण्याचे मीटर वाचतो. आठवडाभर लोकांच्या शिव्या खातो आणि शनिवारी खिळ्यांचं जाकीट घालून हॅमर होतो. खापे आली तर मागच्या हौद्यात तीच पोरगी बसलेली, पँटला सुतळी बांधून.

''ही कोण?'' खापेने विचारलं.

''अगं, हिला कोण ओळखत नाही आता?'' हॅमर म्हणाला. ''पट्टेवाली. पार दक्षिणेतून, लोबात्सेहून आलीय, एकटी. माऊनला सोडतोय. तुझ्याशेजारी जागा आहे की.''

''माझ्याशेजारी माझी पिशवी आहे.''

''पिशवीला काय दिसणारेय? मांडीवर घे.''

पोरीने दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे करून वाकून दुमेला केला, रीतसर, मोठ्यांना करतात तसा. ''मी केनालेमांग, म्मा. केना म्हणा.''

'माझ्याबरोबर कोण आहे', असं त्या नावात विचारलंय. असं नाव पोटात पोर असताना एकटी पडलेली बाई ठेवते, हे खापेला कळलं. पण त्या सकाळी तिच्या मनात कळवळ्याला जागा नव्हती.

वाटेत केनाने मागविन्या काढल्या, पिठाचे तळलेले गोळे, अजून गरम. हॅमरला दोन दिल्या, खापेपुढे पिशवी धरली. खापे म्हणाली, ''मी सकाळी तेलकट खात नाही.'' चौदा वर्षं या रस्त्यावर ती सकाळी तेलकटच खात आली होती. हॅमर आरशात बघून हसला.

''म्मा, पहिल्या रेकॉर्डवरचं चौथं गाणं ते आता का वाजवत नाहीत?'' केनाने विचारलं.

''तू तेव्हा जन्मली होतीस का?''

''नव्हते. म्हणून तर विचारते.''

हॅमर खिडकीतून ओरडला, ''उत्तर दे की, म्हातारे. तेवढं तर येतं ना तुला? पट्टे राहू देत.''

 गाडी थांबल्यावर खापेने हॅमरच्या दाराला बुटाने जो पोचा पाडला, तो अजून आहे, जाऊन बघा.

माऊनला दुपारी नदीकाठच्या हॉलमागे ती तुटलेला पट्टा शिवत बसली. कुणी सांगितलं नव्हतं. टाका का सुटला ते तिने शोधून काढलं होतं. दोरा जुना होता, मेण सुकलेलं. दोष तिचाच. हे तिने मान्य केलं, पण स्वतःपुरतंच. तेवढ्यात तिदिमालो चहाचा मग घेऊन शेजारी उकिडवा बसला.

''ती लाल बूटवाली, खापे. तुझ्या गाडीतून आली ना?''

''हो.''

''लोबात्सेहून एकटी पोरगी. दोन्ही रात्री. आणि तो पट्टा. आज तिचंच म्हणतो.'' त्याने चहाचा घोट घेतला. ''तिचं देवक काय? तिला विचारलं तर कळेल तिला. अचानक झालं पाहिजे. तुला ठाऊक असेल.''

खापेला ठाऊक होतं. सकाळी गाडीत केनानेच सांगितलं होतं, माकड. आईकडचं. आणि माकडाचं तिदिमालो झोपेत म्हणतो.

टोच चामड्यात अर्धा गेला होता. त्याच्या टोपीच्या पट्ट्यातून तिचा कागद दिसत होता, कडा पिवळ्या पडलेल्या. पाच वर्षं तिथेच. तिच्या मनात आलं, याने निदान तो काढावा. एकदा तरी काढावा. कुणाच्या का नावाने होईना, ते शब्द त्या रंगमंचावरून ऐकू तर येतील. आणि खान्झीचे लोक काय बहिरे आहेत? नोको म्हटलं की कोण, हे त्यांना माहीत आहे. पोरीचं काय, तिला कळायचंही नाही, गडबडून जाईल, लोक हसतील. हसू देत. काल मलाही हसले.

एवढं सगळं एका टाक्यात झालं.

''नोको,'' ती म्हणाली.

''अरे? तुमच्यातली?''

''नोको म्हटलं ना.''

तिदिमालोने टोपीला हात लावला. ''मग कागद आहेच.''

रात्री शेवटच्या गाण्याआधी वाद्यं थांबली. तिदिमालोने टोपी काढली, कागद उलगडला. ''लोबात्सेची केनालेमांग,'' त्याने हाक मारली, आणि खापेच्या चुलत्याच्या शेकोटीवरचे शब्द त्या हॉलमध्ये घुमले:

''नोको, काट्यांच्या घरची लेक,
पाठीने लढणारी, पाठ न दाखवणारी,
मागे सरकली तर भ्याली म्हणू नका,
मागे सरकली तर धरणाऱ्याचा हात मोजा.
जमिनीखाली वाट हिची,
सिंह येतो, वास घेतो, परत जातो.
ऊठ नोको, अंग झाड.''

उच्चार एकही चुकला नाही. खापेच्या अंगावर काटा आला, आणि तो काटाही दुसऱ्याच्या नावाचा. कारण लोकांनी तिच्याकडे बघितलंच नाही. खान्झीचे तीसजण होते तिथे, पाठीवर तिचे टाके घेऊन. सगळ्यांच्या माना लाल बुटांकडे. हॅमर तर केनाला खांद्यावर उचलून 'नोको, नोको' ओरडत होता.

पोरगी गडबडली नाही. हसलीही नाही. ती खांद्यावर बसून रडत होती, तोंड उघडं टाकून, लहान पोर रडतं तशी. खापेने मोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या त्या तेव्हा.

रविवारी सकाळी परतीच्या वाटेवर कुकेचं कुंपण लागतं. गुरांचा रोग दक्षिणेला जाऊ नये म्हणून तिथे प्रत्येक गाडी उभी करतात. कच्चं मांस काढून घेतात, आणि माणसांना औषधाने भिजवलेल्या पोत्यावर बूट घासत चालायला लावतात. कॉन्सर्टनंतरच्या रविवारी तिथे बघण्यासारखं असतं. साखळ्या खुळखुळवत, रात्रीच्या आवाजाने बहिरे झालेले दांडगे एका रांगेत, बालवाडीतल्या पोरांसारखे पाय पुसतात.

केना लोबात्सेला न जाता परत त्यांच्याच गाडीत बसली होती. रांगेत ती खापेच्या मागे उभी राहिली. हॅमर पुढे अधिकाऱ्याशी एका पिशवीवरून वाद घालत होता, ''शिजवलेलं आहे हो हे, कुटून कुटून शिजवलंय, यात रोग जगेल का?''

''म्मा,'' केना हळू म्हणाली. ''तिदिमालोला मी विचारलं. देवक तुम्ही सांगितलंत म्हणाला.''

खापेने एक बूट पोत्यावर ठेवला.

''मी गाडीत तुम्हाला माकड सांगितलं होतं. ते आजोबांचं, आईकडचं. माझ्या आईसाठी कुणी लग्नाची गुरं दिली नाहीत, म्हणून मी आजोबांच्या घरची. बाप कोण ते आईने मरेपर्यंत सांगितलं नाही. एवढंच म्हणायची की खान्झीहून गुरांच्या ट्रकवर यायचा. म्हणून मी आले. गाणी तर लोबात्सेतही ऐकता येतात.'' तिचा आवाज बसला होता. ''तुम्ही मला बघून ओळखलंत ना? मी माकड म्हटलं, तरी तुम्ही नोको सांगितलंत. उगीच कोण सांगेल? हॅमरकाका म्हणाले, खान्झीत नोकोचं एकच घर.''

औषध बुटात झिरपत होतं. खापेच्या बुटाचा तळ उसवलेला होता. दुसऱ्यांचे शिवणारीचा असतोच.

ओलेफिले. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी तो गुरांच्या ट्रकवर होता. लोबात्सेच्या खाटीकखान्यापर्यंत जायचा, आठ-आठ दिवस यायचा नाही. ट्रकवर खान्झीची अजून पन्नास पोरं होती. पण ओलेफिलेही होता.

''बोला ना, म्मा. तुम्ही माझ्या कोण?''

''पुढे सरका,'' अधिकारी म्हणाला. ''पोतं काय गालिचा आहे का?''

खापे पुढे सरकली. दुसरा बूट घासला.  हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आणि मागून पोरगी, अगदी सावकाश, जीभ भाजेल की काय अशा बेताने म्हणाली, ''आत्या.''

मग पुढे काय झालं ते खान्झीत सगळ्यांना ठाऊक आहे. केना राहिली. बसस्टँडजवळ एका खानावळीत कामाला लागली. बाजारात लोक तिला 'दुमेला, नोको' म्हणतात, आणि आता हाकेसरशी दोघी वळतात. खापे आधी वळते. मग हाक आपल्याला नव्हती हे कळून पुन्हा सुईत दोरा घालते, आधीच घातलेला असला तरी.

परवा केना जाकीट घेऊन आली. ''आत्या, पाठीवर साळिंदर शिवून दे. खरे काटे लाव.''

''काटे कुठून आणू?''

''ओलेफिलेंच्या गोठ्याकडे पडलेले असतात म्हणे. तू गेलीस की आण. मी येऊ का बरोबर?''

''नको,'' खापे म्हणाली. इतक्या पटकन की समोरच्या बुटवाल्याने मान वर केली.

ओलेफिलेचा गोठा गावाबाहेर चाळीस किलोमीटरवर. बायको, तीन पोरं, दोनशे गुरं. केनाला खापेने एवढंच सांगून ठेवलंय, त्याच्याशी आधी मी बोलते. दर पंधरवड्याला हॅमर तिकडे मीटर वाचायला जातो, गाडीत जागा रिकामी असते. एक प्रश्न विचारायचा आहे, बस. तू लोबात्सेत कुठल्या बाईकडे जायचास? एवढाच.

तिने विचारलेला नाही. रोज विचारायचं ठरवते. भाऊ नाही म्हणाला, तर तिला पोरीसमोर उभं राहून सांगावं लागेल की मी जळत होते, म्हणून खोटं बोलले. आणि भाऊ हो म्हणाला तर त्याहून वाईट. मग ते खोटं नव्हतंच. मग तो कागद, त्या तीन रात्रींची शेकोटी, तो हॉल, ते सगळं त्या पोरीचंच होतं, हक्काचं, भावाच्या लेकीचं. चौथ्या मुलीचं त्यात काही नव्हतं. पुन्हा.

म्हणून जाकीट टपरीत खिळ्याला टांगलंय. साळिंदराचं डोकं आणि पुढचे दोन पाय झालेत. टाके एकसारखे, मेण ताजं. या वेळी तुटणार नाही. पाठ कोरी आहे.

तुम्ही खान्झीला गेलात तर बुटाचा तळ जरा उसवून घ्या आणि काटेरी झाडाखालच्या टपरीवर बसा. केना भेटली तर तिला एक अक्षर सांगू नका, ते सांगणं तुमचं काम नाही. पण खापे मान खाली घालून टोच मारायला लागली की चार लोकांदेखत, मोठ्याने तिला विचारा: भावाला विचारलंस का? ती म्हणेल, बूट उद्या मिळतील. तुम्ही उठू नका.